दिवसभर हिरवं सुलतानपूर

अकीलभाईंचं पद कागदोपत्री वायरमन असं आहे. चिखलीच्या ज्या पतसंस्थेत ते काम करतात तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर संचालक मंडळाला तातडीची सभा घ्यावी लागेल, आणि तिथे तातडीच्या सभेलाही गणसंख्या भरत नाही. संस्थेच्या आकृतिबंधात संगणकांचं जाळं सांभाळणारा माणूस बसत नव्हता, वायरमन बसत होता. म्हणून त्यांना वायरमन म्हणून बसवलं. त्याआधी ते टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, मग केबल टीव्हीच्या तारा छपरांवरून ओढायचे. तारांमधून आधी गाणी गेली, मग मालिका, मग लोकांच्या ठेवी. अकीलभाई तेच राहिले, फक्त छपरावरून खाली उतरले.

मुख्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत एक खोकं आहे. त्याला कंट्रोलर म्हणतात. जानेफळ, सुलतानपूर आणि बाकीच्या शाखांमध्ये शाखेचे संगणक जोडणारी जी छोटी खोकी भिंतीवर टांगलेली आहेत, ती सगळी याच्या हुकमात. संगणकावर कंट्रोलरचं पान उघडलं की प्रत्येक शाखेचा एक ठिपका दिसतो. शाखा जोडलेली असेल तर हिरवा, तुटली की लाल. हे पान कार्यालयात बसूनच उघडावं, बाहेरून उघडू नये, असा नियम होता. नियम चांगला होता. मग बिलकिसभाभी आजारी पडल्या.

भाभी सुलतानपूरच्या. माहेरी पिंजाऱ्याचं काम, म्हणजे कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या. लहानपणी त्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात झोपायच्या, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की ऐकणाऱ्याला आपण साध्या गादीवर झोपून आयुष्य फुकट घालवलं असं वाटे. फुप्फुसं ताठ होत चालली आहेत असं निदान झालं तेव्हा अकीलभाईंनी डॉक्टरांना कापसाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं निश्चित सांगता येत नाही. निश्चित सांगता येण्यासारखी त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी भाभींना बाहेर बसवून सांगितली.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते लाईनवर, म्हणजे विजेवर, चालणारं. लाईन गेली की इन्व्हर्टरवर. खाटेशेजारी ते दिवसभर घरघरत असे, आणि पाहुणा आला की भाभी त्याची ओळख करून देत, "हे आमचे घरजावई. काम करत नाहीत, नुसते घोरतात."

संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव एकदा भेटायला आले. भाभींकडे पाहून हेलावले. माणूस मनाचा मऊ आहे, फक्त सभेत बसला की कडक होतो.

"अबे अकील, भाभीले असं एकटं टाकून तू ऑफिसात काऊन येतं? घरूनच पाह्य ना सगळं."

"भाऊसाहेब, त्याच्यासाठी ते पान बाहेरून उघडं कराव लागन."

"मंग कर. मी सांगून राह्यलो ना."

आमच्याकडे शब्द कागदापेक्षा मोठा मानतात. निदान कागद मागितला जाईपर्यंत. अकीलभाईंनी कंट्रोलरचं पान इंटरनेटवर उघडं केलं, म्हणजे ते जगात कुठूनही दिसू लागलं. पासवर्ड असा लांबलचक ठेवला की त्यांना स्वतःलाही तो पहिल्या झटक्यात जमत नसे. एवढं मजबूत कुलूप लावल्यावर काळजी कसली, असं त्यांना वाटलं. कोणाही वायरमनला वाटलं असतं.

मग ते खाटेशेजारी खुर्ची टाकून काम करू लागले. काही दिवसांनी भाभी म्हणाल्या, मलेही पाहू द्या. अकीलभाईंनी त्यांच्या नावाचं एक वेगळं खातं उघडून दिलं. त्यातून ठिपके नुसते पाहता येत, बदलता काही येत नसे. जुना लॅपटॉप भाभींच्या पायांशी उशीवर ठेवला गेला. एरवी घरात दोघं उर्दूमिश्रित हिंदी बोलत, पण ठिपक्यांबद्दल बोलायचं किंवा भांडायचं झालं की दोघंही वऱ्हाडीत येत.

"समीनाचे अब्बा, जानेफळ पाह्यलं का? कसं गुमान राह्यते. समजदार सुनेसारखं."

"अन सुलतानपूर?"

"सुलतानपूर माहेर आहे. त्याले नावं नाही ठेवाची."

नावं ठेवण्यासारखं पुष्कळ होतं. सुलतानपूरच्या शाखेतली बॅटरी मेलेली होती. नव्या बॅटरीचा विषय सभेपुढे होता, आणि सभेपुढे असणं ही त्या विषयाची कायमची जागा होती. त्यामुळे गावात लाईन गेली की शाखेचं खोकं त्याच क्षणी बंद, आणि इकडे चिखलीत ठिपका लाल. भाभी लगेच फोन लावायच्या. भावाला नाही, भाऊ फोन उचलत नसे. शाखेतल्या शिपायाला, कडूबाकाकांना. कडूबाकाकांनी त्यांना परकरात पाहिलेलं.

"काका, लाईन गेली ना?"

"हाव. पण तुले कसं कळते माय, चिखलीत बसून? इथं माह्या बायकोले कळाच्या आधी तुले कळते."

"पंखा बंद झाला?"

"झाला. आता मॅनेजर बाहेर येऊन बसन अन मले देशाचं राजकारण शिकवन."

भाभी हसत. हसलं की खोकला येई, खोकला ओसरला की नाकाची नळी सारखी करून पुन्हा नजर ठिपक्यावर. तो हिरवा झाला की म्हणत, "आली." सुलतानपूरला जाणं आता होण्यासारखं नव्हतं, रस्त्याचे हादरेही सोसत नव्हते आणि मशीनची वायरही तेवढी लांब नव्हती. पण तिथली लाईन गेली आणि आली एवढं कळत होतं. लग्न होऊन गेलेल्या पुष्कळ मुलींना माहेराबद्दल एवढंही कळत नाही.

मग ती सूचना आली.

कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने ती साऱ्या जगासाठी काढली होती. लॉगिनमध्ये दोष सापडला होता. कोणी एका विशिष्ट पद्धतीने आत यायला विचारलं, तर ते खोकं पासवर्ड मागतच नसे. आलेला माणूस मालकच आहे असं धरून त्याला सगळा कारभार सोपवून देई. म्हणजे कुलूप शाबूत, चौकटच भिंतीतून निघालेली. असे दोष किती गंभीर आहेत हे दहापैकी गुण देऊन सांगतात. याला दहापैकी दहा. आमच्या संस्थेतल्या कुठल्याही गोष्टीला पैकीच्या पैकी मिळण्याची ती पहिली वेळ असावी.

संस्थेच्या यंत्रणेवर सल्ल्यासाठी पुण्याची एक कंपनी नेमलेली आहे. तिथल्या योगिनी मॅडमचा सकाळीच फोन आला. अकीलभाई भाभींना चहात बिस्कीट बुडवून देत होते, म्हणून फोन स्पीकरवर.

"अकीलसर, मेल पाहिली ना? मला एकच सांगा. कंट्रोलरचं पान बाहेरून उघडतं का?"

"उघडते, मॅडम."



"मग आधी ते बंद करा. अपडेट नंतर. आत्ता तुमचं पान जगात कोणालाही दिसतंय, आणि ज्याला ही युक्ती माहीत आहे त्याच्यासाठी तुमचा पासवर्ड असून नसल्यासारखा आहे. तो आत आला तर सगळ्या शाखांचा ताबा त्याच्याकडे."

"संध्याकाळी केलं तं?"

"सर, हे संध्याकाळपर्यंत थांबणारं काम नाही."

अकीलभाईंच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. पान बंद करायला एक मिनिटही लागणार नव्हतं. पण बाहेरून बंद केल्यावर ते बाहेरून पुन्हा उघडणार नव्हतं. म्हणजे उद्यापासून कार्यालय. एवढंच नव्हे, प्रत्येक शाखेत जाऊन तिथल्या खोक्याच्या किल्ल्या, म्हणजे आतले गुप्त आकडे, हाताने बदलायच्या, कारण जुन्या कोणाच्या हाती लागल्या असतील ते सांगता येत नव्हतं. म्हणजे ही खुर्ची रिकामी.

"अजून एक," योगिनी मॅडम म्हणाल्या. "तुमच्या खात्यांची यादी माझ्यासमोर आहे, त्यात एक नाव माझ्याकडे नोंद नसलेलं आहे. बिलकिस. हे कोण? हे घुसलेल्या माणसाने तयार केलेलं असू शकतं."

अकीलभाई काही बोलायच्या आत खाटेवरून उत्तर गेलं.

"मी आहे मॅडम."

"तुम्ही संस्थेत आहात का? कोणत्या पदावर?"

"पद नाही. खाटेवर असते मी. सुलतानपूरची लाईन पाहते."

मशीनची घरघर पुण्यापर्यंत ऐकू गेली असावी. योगिनी मॅडमचा आवाज खाली आला. "ताई, ते खातं काढावं लागेल. असं घरच्यांचं ठेवता येत नाही."

"काढा ना. लोकायच्या पैशाचं काम आहे." मग नवऱ्याकडे वळून, "काढा अजी. माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यले?"

अकीलभाईंनी आधी भाभींचं नाव काढलं. हे खातं कायमचं काढायचं का, असं पडद्याने विचारलं; यंत्रं अशा वेळी फार विचारतात. मग त्यांनी बाहेरचा रस्ता बंद केला. भाभींच्या पायांशी ठेवलेल्या लॅपटॉपवर ठिपके काही वेळ तसेच राहिले आणि मग पान उघडता येत नाही असं आलं. योगिनी मॅडम थँक्यू म्हणाल्या. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. या गोष्टीत ज्यांचं चुकलं नाही अशांत त्यांचा नंबर बराच वरचा लागेल.

दुसऱ्या दिवसापासून अकीलभाई पाठीला पिशवी लावून निघू लागले. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. त्यांच्या समोर राहणाऱ्या शालूबाई दिवसभर भाभींजवळ येऊन बसायच्या. शालूबाई प्रेमळ आहेत, पण त्यांचं सगळं बोलणं स्वतःच्या गुडघ्यांवर असतं. भाभी ऐकायच्या आणि काळ्या पडद्याकडे पाहायच्या. जेवण कमी झालं. अकीलभाई रात्री येऊन विचारत, काही पाहिजे का. त्या म्हणत, नको. एकदाच म्हणाल्या, "सुलतानपूर कसं आहे?" तेव्हा अकीलभाई दुसऱ्याच शाखेतून आले होते, त्यांना सांगता आलं नाही.

मग त्यांनी एक उपाय केला. कार्यालयात असताना कंट्रोलरच्या पानाचा फोटो काढला, सगळे ठिपके हिरवेगार असतानाचा, आणि सकाळी निघण्यापूर्वी तो भाभींच्या लॅपटॉपवर पूर्ण पडद्यावर लावून ठेवला. "घ्या, झालं चालू," म्हणाले. भाभींचा चेहरा उजळला. तो उजेड बरोबर घेऊन अकीलभाई त्या दिवशी मेहकरच्या पुढे गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता.

"काऊन बंद केला?"

"सुलतानपूर दिवसभर हिरवं होतं," भाभी म्हणाल्या.

"मंग चांगलं ना."

"सकाळपासून आतापर्यंत एकदाही लाईन गेली नाही? सुलतानपुरात?" त्या हसल्या. खोकल्या. "खोटं बोलाव, पण इतकं? एखाद्या वेळी तरी लाल कराचं होतं."

अकीलभाई खुर्चीवर बसले. 

दरम्यान सभा भरली. चौकशीचा विषय होता: कंट्रोलरचं पान बाहेर उघडं करायला परवानगी कोणी दिली? अकीलभाईंनी अध्यक्षांकडे एकदा पाहिलं. पंजाबराव पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

"माह्याच मनानं केलं, साहेब," अकीलभाई म्हणाले. तशी नोंद झाली. त्याच सभेत योगिनी मॅडमचं पत्र वाचण्यात आलं: घरून सुरक्षितपणे काम करण्याची सोय होऊ शकते, फोनवर दर वेळी नवा आकडा येईल आणि तो घातल्याशिवाय कोणी आत येणार नाही. विषय महत्त्वाचा असल्यामुळे पुढच्या सभेपुढे ठेवण्यात आला. सुलतानपूरची बॅटरी तिथे आधीपासून होतीच. आता तिला सोबत झाली.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव डाळिंबं घेऊन घरी आले. खाटेशेजारी बसून त्यांनी एकेक डाळिंब स्वतः सोललं, वाटी भरली आणि उठून गेले.

"भाऊसाहेब काही बोलले नाही," भाभी म्हणाल्या.

"डाळिंब सोलून राह्यले होते ना," अकीलभाई म्हणाले.

सुलतानपूरची पाळी आली तेव्हा शाखेच्या दारात कडूबाकाका उभे होते.

"अकीलभाई, पोरीचा फोन काऊन येत नाही हो आता? लाईन जाते, मी मोबाईल हातात धरून बसतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याले कोणाचा फोन येऊन राह्यला?"

अकीलभाईंनी खोक्याचं काम करता करता सगळं सांगितलं: दोष, पान, ठिपके, तो फोटोसुद्धा. कडूबाकाकांना दोष कळला नाही. फोटो कळला.

"दिवसभर हिरवं?" ते म्हणाले. "अरे, निदान मले तं इचारून घ्याचं होतं." मग म्हणाले, "मी आहे ना इथं. लाईन गेली की मी एक मिस कॉल देतो. आली की दोन. तिले सांगजा, उचलजो नको."

हल्ली फोन कितीही वेळ बोला, पैसे तेच. पण कडूबाकाकांची पिढी मिस कॉलवर वाढलेली. उचललेला फोन त्यांना अजूनही उधळपट्टी वाटतो.

तर अशी नवी व्यवस्था लागली. त्यात पासवर्ड नव्हता आणि दोषही कोणाला सापडला नाही. भाभींचा मोबाईल उशीपाशी असे. एकदा वाजून थांबला की त्या म्हणत, "गेली." दोनदा वाजला की, "आली." शालूबाईंना आधी वाटलं कोणीतरी छळतंय, मग त्याही गुडघ्यांचं बोलणं मध्येच थांबवून कान देऊ लागल्या. भाभी पुन्हा थोडं जेवू लागल्या. थोडंच.

अकीलभाईंचं काम जानेफळला संपलं. तिथली शाखा शेवटची राहिली होती, समजदार म्हणून मागे ठेवलेली. नवीन अपडेट चढलं, किल्ल्या बदलल्या, मॅनेजरने चहा पाजला. परत येताना ते मेहकरच्या स्टँडवर चिखलीची गाडी लागायची वाट पाहत होते, तेव्हा शालूबाईंचा फोन आला. शालूबाई मिस कॉल देत नाहीत. त्या रडत होत्या.

दुपारची वेळ होती. चिखलीत लाईन होती. मशीन चालू होतं, इन्व्हर्टर भरलेला होता, नळी जागेवर होती. शालूबाईंनी नंतर आम्हाला सांगितलं की मोबाईल दोनदा वाजला, भाभी म्हणाल्या, "आली," आणि डोळे मिटून पडल्या. शालूबाईंना वाटलं, डोळा लागला. त्या गुडघ्यांविषयी बोलत राहिल्या.

मातीला सगळे आले. मुलगी समीना अकोल्याहून आली, सुलतानपूरचा भाऊ आला. पंजाबराव आले आणि कब्रस्तानच्या फाटकाशी उन्हात उभे राहिले. कोणी सावलीत या म्हटलं तरी हलले नाहीत. कडूबाकाका एसटीने आले, टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत थांबले, आणि अकीलभाईंच्या खांद्यावर हात ठेवून परत गेले.

काही दिवसांनी योगिनी मॅडमचा फोन आला. अहवाल तयार झाला होता. सूचना निघाल्यानंतर बाहेरून काही जणांनी त्या पानाचं दार ठोठावून पाहिलं होतं, पण तोवर ते बंद झालेलं होतं. आत कोणी आलं नाही. काही गेलं नाही.

"सर, तुम्ही त्या दिवशी लगेच बंद केलंत म्हणून वाचलं सगळं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं." मग आवाज बदलून, "ताई कशा आहेत?"

"नाहीत, मॅडम."

पलीकडे कीबोर्डचा आवाज चालू होता, तो थांबला. दोघांनीही फोन ठेवला नाही. शेवटी रेंजच गेली.

पुढच्या सभेला आश्चर्यकारकरीत्या गणसंख्या भरली. संस्थेचं कोणतंही नुकसान झालं नाही याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आलं. घरून काम करण्याच्या सोयीला मंजुरी मिळाली. प्रस्ताव अध्यक्षांनी स्वतः मांडला. सुलतानपूरची बॅटरीही त्याच बैठकीत मंजूर झाली. ती अकीलभाईंनी स्वतः जाऊन बसवली. जोडणी झाल्यावर कडूबाकाकांनी विचारलं, "आता लाईन गेली तरी हे खोकं चालूच राहीन?" अकीलभाई म्हणाले, "चालूच राहीन." कडूबाकाका म्हणाले, "हं."

आता अकीलभाईंना घरून काम करता येतं. फोनवर आकडा येतो, तो घातला की पान उघडतं. पूर्ण सुरक्षित आहे. खाट काढून टाकली आहे, मशीन ज्यांचं होतं त्यांना परत गेलं. खुर्ची मात्र त्यांनी होती तिथेच ठेवली आहे, भिंतीकडे तोंड करून. त्या खुर्चीत बसून ते ठिपके पाहतात. जानेफळ हिरवं असतं. सुलतानपूरही सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवं असतं, एकदाही लाल होत नाही. हुबेहूब त्या फोटोसारखं.

भाभींचा मोबाईल फडताळात आहे. समीनाने तो बंद करू का विचारलं, तेव्हा अकीलभाई म्हणाले, राहू दे, चार्जिंगला लाव. परवा आम्ही संस्थेतले काही जण बसायला गेलो होतो तेव्हा तो एकदा वाजला आणि थांबला. पडद्यावर सुलतानपूरचा ठिपका हिरवागार होता. अकीलभाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही.

"गेली," ते म्हणाले, आणि दुसऱ्या फोनची वाट पाहत बसले. आम्हीही बसलो.